आधी तळहात घाबरतो

पोल डान्सच्या वर्गात नव्याने आलेली प्रत्येक जण पहिल्याच आठवड्यात विचारते, "हाताला लावायला काय घेऊ?" आपला हात घसरतोय, खांब बुळबुळीत लागतोय आणि शेजारची मुलगी कसलंसं पांढरं द्रव्य चोळून सरसर वर चढतेय. मग सगळी किमया त्या बाटलीत आहे असं वाटलं तर नवल नाही. बाटलीकडे येतेच. पण त्याआधी हात घसरतो कशाने, हे बघायला हवं.

अंगाला घाम सुटतो तो मुख्यतः उकाड्याने. तळहात-तळपायांचं तसं नाही, तिथल्या घामाच्या ग्रंथी मनाच्या हुकमात असतात. मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेलं असताना एसी कितीही गार असला तरी तळवे ओले होतात, ते यामुळेच. पहिल्यांदा खांबावर उलटं व्हायचं असतं त्या दिवशी नेमके हात ओले होतात. हात सटकला की धसका बसतो आणि धसका बसला की आणखी घाम येतो. पावडरीने हे चक्र फार तर अर्धं थांबतं. म्हणून हाताची काळजी आणि मनाची तयारी असे दोन वेगळे धडे मी करत नाही. मनाने अजून कबूल न केलेली भीती हातावर आधी दिसते.

आता बाटली. पकडीसाठी जे लावतात त्यातलं सर्वांत सोपं म्हणजे चॉक, म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. जिम्नॅस्ट आणि कडे चढणारे वापरतात तेच. लिक्विड चॉकमध्ये ते अल्कोहोलात कालवलेलं असतं. हातावर चोळलं की अल्कोहोल उडून जातं आणि पातळ कोरडा थर उरतो. घरातली टाल्कम पावडर मात्र आणू नका. ती घाम टिपते असं वाटतं खरं, पण टाल्कचा गुण घसरवण्याचा. कॅरम बोर्डवर आपण पावडर कशासाठी टाकतो ते आठवा. राळेसारखी चिकट द्रव्यं निराळी. ज्यांचे हात मुळात कोरडे आहेत त्यांना ती उपयोगी पडतात, घामट हातावर त्यांचा चिखल होतो. शिवाय ती खांबावर साचतात, म्हणून काही स्टुडिओ ती वापरू देत नाहीत. आधी विचारून घ्यावं.

पूर्ण कोरडा हातही घसरतो, हे बऱ्याच जणींना पटत नाही. कातडीत जराशी ओल असली की पकड सर्वांत चांगली बसते. फार ओली झाली की सुटते आणि ठणठणीत कोरडी असली तरी सुटते. म्हणून पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी आणि मुंबईतल्या जुलैच्या संध्याकाळी एकच इलाज चालत नाही. थंडीत खांब बर्फासारखा गार असतो. हातांनी आणि मांड्यांनी घासून तो थोडा गरम करून घ्यावा, आणि हात रुक्ष असतील तर चॉकला शिवूच नये. पावसाळ्यात उलट, खांबावरच दमट हवेचा ओलसर थर धरतो. तिथे दर दोन-तीन प्रयत्नांनंतर खांब कोरड्या फडक्याने पुसणं हा चॉकपेक्षा मोठा उपाय आहे. स्पिरिटने पुसत असाल तर खोलीत देव्हाऱ्यातली समई किंवा उदबत्ती चालू नाही ना, एवढं बघा.

खांबाच्या धातूनेही फरक पडतो. पितळी खांब हात धरून ठेवतो, स्टेनलेस स्टील जास्त निसटतं, आणि बहुतेक ठिकाणी असतो तो क्रोमचा खांब या दोहोंच्या मधला. नकली कानातल्यांनी ज्यांच्या कानाच्या पाळ्या चिघळतात त्यांनी इथे सावध असावं. तो त्रास बहुधा निकेलचा असतो आणि क्रोमच्या मुलाम्याखाली बऱ्याचदा निकेलचा थर असतो. वर्गानंतर तळव्यांना आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला खाज सुटून पुरळ येत असेल तर घामोळं समजून सोडून देऊ नका. स्टीलचा किंवा पावडर कोटिंगचा खांब मागून घ्या.

ज्यांच्या तळव्यांतून अक्षरशः थेंब ठिबकतात, वहीचं पान भिजतं, मोबाइलला बोट उमटत नाही, त्यांचा प्रश्न चॉकने सुटणारा नाही. अॅल्युमिनियम क्लोराइड असलेलं द्रव्य रात्री कोरड्या तळव्यांना लावून सकाळी धुणं हा त्यावरचा रुळलेला उपाय आहे. तरीही भागलं नाही तर त्वचातज्ज्ञाकडे पुढचे उपचार आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही.

तेल आणि क्रीम यांबद्दल एकच नियम: वर्गाच्या दिवशी अंगाला काहीही लावायचं नाही. सकाळी लावलेलं बॉडी लोशन संध्याकाळच्या घामाबरोबर परत वर येतं, तुमच्या मांडीवरून खांबावर जातं आणि तुमच्यानंतर चढणारी घसरते. इथे मल्लखांबवाले हसतील, कारण त्यांच्या लाकडी खांबाला मुद्दाम एरंडेल चोळतात. पण त्यांचा खांब वेगळा आहे. तो शिसवी किंवा सागवानी, बुंध्याशी चांगला जाड, मुठीत न मावणारा. तो तळहाताने आवळायचाच नसतो. मांड्या, पोटऱ्या, काखा यांनी त्याला विळखा घालायचा आणि लाकडावर कातडी सोलवटू नये म्हणून एरंडेल. पोलचा पाइप साधारण ४५ मिलिमीटर व्यासाचा. तो मुठीत नीट बसतो, आणि त्यामुळेच सगळा भार तळहातावर टाकायचा मोह होतो. मल्लखांब शिकून पोलकडे वळलेल्यांना अढीची, पायाच्या पकडीची सवय असते. ते हाताला निवांत ठेवतात आणि पायावर विश्वास टाकतात. बाकीच्यांना हे शिकायला महिने लागतात. मुठीवरचा ताण बघूनच कोण मल्लखांबातून आलंय ते ओळखता येतं.

आता घट्टे. बोटांच्या मुळाशी, जिथे तळहात सुरू होतो तिथे, आधी लालसर पट्टा उमटतो, मग पिवळट आणि मग कडक होत जातो. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या मांसल उंचवट्यावरही एखादा असतो. नवख्यांना दोन चुका सुचतात. एक म्हणजे घट्टा अभिमानाने वाढू द्यायचा. दुसरी म्हणजे ब्लेडने कापून हात पुन्हा मऊसूत करायचा. घट्टा हे कातडीने स्वतःसाठी केलेलं चिलखत आहे, ते पार काढलं तर खालची कोवळी कातडी पुढच्याच वर्गात फोड होऊन निघते. पण चिलखताला कंगोरे आले की तेच घात करतात. खांबावर फिरताना घट्ट्याची उंच कड अडकते आणि त्याच्याबरोबर आजूबाजूची चांगली कातडीही फाटून येते.

म्हणून घट्टा ठेवायचा, पण सपाट. आंघोळीनंतर कातडी मऊ असताना टाचा घासायची वज्री घ्या. हातासाठी वेगळी ठेवा, टाचेची नको. घट्ट्याच्या मध्यावर नको, कडेकडेने हलकी फिरवा. तळवा उलटा करून दुसऱ्या हाताचं बोट त्यावरून सरकवा. बोटाला कुठेही पायरी लागली नाही की थांबा. आठवड्यातून दोन वेळा एवढं पुरतं. मग रात्री, म्हणजे दुसऱ्या दिवशी वर्ग नसताना, थोडं कोकम तेल लावा. कोकणात भेगांना लावतात तेच, कोकमाच्या बियांचं, घट्ट गोळा होऊन मिळतं ते. हाताच्या उबेने वितळतं आणि वास फारसा येत नाही. ते मिळालं नाही तर साधी पेट्रोलियम जेली चालते. महागड्या हँड क्रीमची गरज मला तरी कधी पटली नाही.

हे सगळं करूनही कधीतरी तळवा फाटतोच. फाटला की त्या दिवशीचा सराव तिथेच संपला. चिकटपट्टी लावून पुढे चालू ठेवता येत नाही, कारण धातूवर पट्टी घसरते, आणि खांबावर रक्त लागलं की प्रश्न तुमच्या एकटीचा राहत नाही. खांब लगेच जंतुनाशकाने पुसून घ्या आणि जखम साबण-पाण्याने धुवा. सुटलेली कातडी स्वच्छ असेल तर तशीच खाली बसवून ठेवा, ती आतल्या भागाला झाकते. लोंबणारा मेलेला तुकडा असेल तर स्वच्छ कात्रीने तेवढाच कापा. वर पेट्रोलियम जेली लावून निर्जंतुक गॉज बांधा आणि रोज बदला. उघड्या जखमेवर स्पिरिट ओतू नका, त्याने जंतूंबरोबर नवी येऊ पाहणारी कातडीही दुखावते. आजी हळदीची वाटी घेऊन येईल. तिचं प्रेम घ्या, हळद नको. डब्यातली हळद निर्जंतुक नसते. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना विचारा. भोवतालची लाली पसरत चालली, ठणका लागला, पू दिसला किंवा ताप आला तर वाट पाहू नका. मधुमेह असलेल्यांनी तर लहान जखमही दाखवून घ्यावी.

खरी परीक्षा घरी असते. फाटलेल्या तळव्याने कणीक मळता येत नाही, लिंबू पिळता येत नाही, आणि कैरीच्या लोणच्याला मसाला चोळायचा विचारही डोळ्यांत पाणी आणतो. भांडी घासताना हातमोजे घाला किंवा चार दिवस ते काम दुसऱ्या कुणाकडे जाऊ द्या. जखम भरेपर्यंत वर्गाला जायचं असेल तर जरूर जा. पायांची लवचीकता, पोटाचे व्यायाम, जमिनीवरच्या हालचाली यांना तळहात फारसा लागत नाही, आणि याच गोष्टी आपण एरवी टाळत असतो.

अंगठ्या, बांगड्या, मनगटातले गंडेदोरे सगळं काढून ठेवा. अंगठी खांबात अडकून बोटाची कातडी सोलली जाण्याचे अपघात होतात आणि ते भयंकर असतात. मंगळसूत्र मानेत अडकू शकतं. घरी त्यावरून चर्चा होणार असेल तर ती वर्गाला येण्याआधी करून टाका. नखं एवढी लहान की मूठ वळल्यावर टोचणार नाहीत. ताजी मेंदी असेल आणि रंग चढावा म्हणून वर तेल चोळलेलं असेल तर तो वर्ग चुकवा.

कातडीच्या खाली काय चाललंय, ते दिसत नाही म्हणून तिकडे दुर्लक्ष होतं. गच्च भरलेल्या बसमध्ये आपण दांडा धरतो तसा नवखा माणूस खांब धरतो: सगळी ताकद बोटांत, खांदे कानांपर्यंत वर, श्वास कोंडलेला. बोटं मिटणारे स्नायू कोपराच्या आतल्या बाजूला बांधलेले असतात. तासभर असं आवळत राहिलं की ताण तिथे जाऊन साठतो. आधी वर्गानंतर नुसतं जड वाटतं. मग पिळे पिळताना, बरणीचं झाकण उघडताना, भरलेला कुकर उचलताना कोपराच्या आत कळ येते. ही कळ आली की लगेच सराव निम्म्यावर आणा. स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना महिने लागतात. म्हणून ताकद आली असं वाटतं तेव्हाच इजा होते. रात्री करंगळी आणि शेजारचं बोट किंवा अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असतील, वस्तू हातातून निसटत असतील, तर नसेवर दाब येत असण्याची शक्यता असते. ते तेल-मालिशीचं काम नाही, तपासून घ्या.

यावर दोन उपाय. पहिला, मिटण्याइतकाच उघडण्याचा व्यायाम. तांदळाचा मोठा डबा असेल तर हात मनगटापर्यंत आत खुपसा आणि तांदळातच बोटं फाकवा, मिटा, मनगट दोन्ही बाजूंना फिरवा. हात भरून येईपर्यंत करा. आधी हात स्वच्छ धुवा, कारण भात त्याच तांदळाचा होणार आहे. दुसरा उपाय अवघड आहे: खांदा खाली ओढून पाठीने लटकायला शिकायचं आणि हात फक्त आकड्यासारखा ठेवायचा. हे जमत नाही ते ताकदीअभावी नाही. सोडलं तर पडू, अशी भीती असते म्हणून जमत नाही.

भीतीला दरडावून गप्प करायचं नसतं, तिचं म्हणणं ऐकायचं असतं. बऱ्याचदा तिचं म्हणणं अगदी रास्त असतं. कुठल्याही नव्या आकृतीत शिरण्याआधी तिच्यातून बाहेर कसं यायचं ते जमिनीजवळ शिकून घ्या. उलटं होऊन पाय सुटला तर कुठला हात कुठे जाईल, हनुवटी छातीशी कशी राहील, हे शरीराला माहीत झालं की तळव्यांचा घाम आपसूक कमी होतो. खाली क्रॅश मॅट असावी आणि आधार द्यायला कुणी तरी शेजारी. मॅट असली तरी डोक्यावर पडणं सुरक्षित होत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. घरी खांब लावणार असाल तर ताणावर उभे राहणारे पाइप भक्कम स्लॅबखालीच लावा, पीओपीच्या फॉल्स सीलिंगखाली कधीही नको. आणि घरी एकट्या असताना नवं उलटं होणं शिकू नका.

वर्गातले बरेचसे अपघात पहिल्या प्रयत्नात होत नाहीत. ते "आता शेवटचं एकदा" म्हणून केलेल्या प्रयत्नात होतात. दंड थरथरतात, पकड अर्ध्या क्षणात सुटते, आणि समोर मोबाइल चित्रीकरणाला लावलेला असतो म्हणून थांबवत नाही. माझा एक कडक नियम आहे: सलग दोन वेळा पकड मध्येच सुटली की ती आकृती त्या दिवसापुरती बंद. यावर रुसणाऱ्या असतात. त्यातल्या बहुतेक पुढच्या आठवड्यात ती आकृती पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात करतात, कारण मधल्या दिवसांत स्नायूंना विश्रांती मिळालेली असते. चित्रीकरण करायचंच तर सराव चालू असतानाचं करा आणि घरी जाऊन बघा. कॅमेऱ्यासाठी चढणं आणि शिकण्यासाठी चढणं यांत श्वाससुद्धा वेगळा चालतो.

दुसरीशी तुलना होणारच, ती थांबवा असं सांगून कुणी थांबवत नाही. पण तुलना कशाची करतोय ते तरी बघावं. तिचे हात लांब असतील, तळवे कोरडे असतील, लहानपणी तिने जिम्नॅस्टिक्स केलं असेल. इन्स्टाग्रामवरच्या तीस सेकंदांमागे किती फसलेल्या चित्रफिती पुसल्या गेल्या ते दिसत नाही. त्यापेक्षा एक साधी वही ठेवा: आज कुठल्या बाजूने किती केलं, हात कसे होते, झोप किती झाली, पाळीचा कितवा दिवस. दोन-तीन महिन्यांनी ती चाळली की आपले "वाईट दिवस" कुठून येतात ते कळू लागतं. डावी बाजू कच्ची असेल तर आधी डावी करा. दमल्यावर तिला वेळ द्यायचा म्हणजे ती कायमची कच्चीच राहणार.

आणि मग उरतात लोक. पोल म्हटलं की चेहरे बदलतात. तोकडे कपडे का, याचं उत्तर सरळ आहे: धातूला कातडीच धरते, कापड घसरतं. "अगं, हा आपला मल्लखांबच" असं सांगून घरच्यांची समजूत काढायची पद्धत आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या बाळंभटदादा देवधरांपासून आजच्या शिवाजी पार्कापर्यंत आपली मल्लखांबाची परंपरा मोठी आहे आणि दोन्हींत साम्यही पुष्कळ आहे. तरी मला ते उत्तर अर्धवट वाटतं. आजचा पोल डान्स वाढला तो अमेरिका-कॅनडातल्या क्लबमध्ये नाचणाऱ्या बायकांच्या कसबातून. त्यांचं नाव झाकून आपली इभ्रत वाढवण्याची गरज नाही. पुढे त्यातून पोल स्पोर्ट्स घडलं, आणि २०१७ मध्ये जागतिक क्रीडा महासंघांच्या संघटनेने त्याच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला निरीक्षकाचा दर्जा दिला. ज्याला खरंच समजून घ्यायचं आहे त्याला हे सगळं सांगावं. ज्याला नुसतं टोचायचं आहे त्याच्याशी वाद घालत बसलात तर तो राग घेऊन वर्गात याल, आणि हाताला ते लगेच कळतं.

मांड्यांवर, दंडांवर काळेनिळे डाग पडतात त्यांची सुरुवातीला पूर्वसूचना देऊन ठेवा: नवऱ्याला, आईला आणि ऑफिसातल्या जवळच्या मैत्रिणीला. नाही तर भलतेच तर्क होतात, आणि विचारणारा काळजीनेच विचारत असतो. सरावाने हे डाग कमी होत जातात. बोटाने दाबलं तर दुखतो तो डाग नेहमीचा समजावा. पण न दाबता दुखत असेल, सुजून कडक झाला असेल, किंवा खांब टेकलाच नव्हता अशा जागी उमटला असेल, तर वर्ग राहू द्या आणि आधी डॉक्टरांना दाखवा.